आठ वाजले की वाय-फाय मान का टाकतं?

घरचं वाय-फाय ऐन गर्दीच्या वेळी तुटतं, हा आजचा विषय. हा विषय मी घेतोय त्याला कारण माझी मोठी बहीण आहे, तेव्हा आधी तिच्याबद्दल सांगतो.

अक्का बेळगावला एकटी राहते. वय ७८, मधुमेह जुना, नजर अधू झालेली. रात्रीच्या जेवणाआधी तिला १२ युनिट इन्सुलिन घ्यायचं असतं. पेनच्या खिडकीतला बारीक आकडा तिला दिसत नाही. म्हणून दोन वर्षं आमचा एक शिरस्ता आहे. आठ वाजता व्हिडिओ कॉल लावायचा. ती पेन कॅमेऱ्यासमोर धरते, मी इथे इंदूरला बसून आकडा वाचतो, "बारा, बरोबर, घे" म्हणतो. मग थोड्या गप्पा आणि ती जेवायला बसते.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती पेनचं बटण फिरवत असतानाच चित्र गोठलं. आकडा बाराच्या पुढे गेला होता. "अक्का, थांब, मागे फिरव" असं मी दोनदा म्हणालो. तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. माझ्या स्क्रीनवर 'पुन्हा जोडत आहे' एवढंच फिरत राहिलं. मी फोन लावेपर्यंत तिने हाताच्या अंदाजाने क्लिक मोजून इंजेक्शन घेतलं होतं. रात्री एकच्या सुमारास तिला दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरायला लागले. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी साखरेचं पाणी दिलं आणि पहाटेपर्यंत शेजारी बसून राहिल्या, म्हणून निभावलं. तिने किती युनिट घेतले होते ते आजही मला माहीत नाही. इंजेक्शन दिल्यावर पेन शून्यावर परत येतं.

मी १९८२ साली कमिशन घेतलं आणि सगळी नोकरी कोअर ऑफ सिग्नल्समध्ये काढली. 'तीव्र चौकस' हे आमचं बोधवाक्य. दळणवळण चालू ठेवणं हेच ज्याचं काम होतं, त्याच्याच घरातली लाइन नेमक्या वेळी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही-पेन घेऊन राउटरसमोर बसलो.

त्याआधी महिनाभर आम्ही काय करत होतो? तुम्ही सगळे करता तेच. कॉल तुटला की नातू जाऊन राउटरचं बटण बंद करायचा, दहापर्यंत मोजायचा आणि चालू करायचा. चालायचं. पुन्हा दोन दिवसांनी तेच. रीस्टार्टने गाडी चालू होते हे खरं, पण नेमकं काय बिघडलं होतं ते कळायचा मार्गही बंद होतो. राउटर बंद केला की साचलेली रांग रिकामी होते, जोडण्यांची यादी पुसली जाते, कदाचित रेडिओ चॅनेल बदलतो, डबा थोडा थंडही होतो. या चारांपैकी कशाने फरक पडला? सांगता येत नाही. चोरी झालेल्या घरात पोलिस यायच्या आधी झाडू मारण्यासारखं आहे ते. तेव्हा पहिली विनंती ही: पुढच्या वेळी तुटलं की दोन मिनिटं बटणाला हात लावू नका.

मग करायचं काय? आमच्या काळी पहाडात टेलिफोनची केबल टाकलेली असायची. लाइन गेली की लाइनमन सगळी केबल पायाखाली घालत नसे. तो मध्यावर जायचा, तिथून एकदा एक्स्चेंजकडे बोलून बघायचा, एकदा पुढच्या ठाण्याकडे. ज्या बाजूला आवाज नाही, बिघाड तिकडे. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. घरच्या इंटरनेटलाही हेच लागू पडतं. तुमचा फोन किंवा लॅपटॉप ते राउटर हा हवेतला टप्पा. मग राउटर स्वतः. मग राउटर ते कंपनीने भिंतीवर लावलेला डबा, आणि तिथून पुढे बाहेरचं जग. मध्य आहे राउटर.

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत 'पिंग' हा शब्द इंग्रजीत, पुढे राउटरचा पत्ता आणि मग उणे चिन्हाला चिकटून टी हे अक्षर टाइप करा. पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. आकडे अर्थात इंग्रजी टाइप करायचे. दुसऱ्या खिडकीत तसंच, फक्त पत्ता ८.८.८.८ हा. तो गूगलचा सार्वजनिक सर्व्हर आहे, कायम उत्तर देतो. आता दर सेकंदाला दोन्हीकडून किती मिलिसेकंदांत उत्तर आलं ते दिसत राहील. लॅपटॉप नसेल तर फोनवर पिंग करणारी फुकट ॲप मिळतात, तीही चालतील. शक्य असेल तर हाच प्रयोग एकदा वाय-फायवर आणि एकदा लॅपटॉपला केबल लावून करा. आणि करा तो तुटण्याच्या वेळी. सकाळी अकराला सगळं सुरळीतच दिसणार.

वाचायचं कसं ते सांगतो. वाय-फायवर राउटरचंच उत्तर अडखळतंय, पण केबलवर ठीक आहे, तर दोष हवेत आहे. केबलवरसुद्धा राउटर उत्तर देत नाही, तर राउटरच आजारी आहे. राउटर झटकन उत्तर देतोय, पण बाहेरचं उत्तर अचानक ठप्प झालं आणि भिंतीवरच्या डब्याचा लाल दिवा लागला, तर लाइन कंपनीची गेली. चौथा प्रकार असा की राउटर ठीक आहे, बाहेरचं उत्तरही येतंय, पण ३० मिलिसेकंदांचे २००, मग ८००, मग १५०० होत जातात आणि अधूनमधून एखादं उत्तर येतच नाही. लाइन तुटलेली नसते, तुंबलेली असते. गर्दीच्या वेळी 'तुटणाऱ्या' घरांत हा प्रकार फार आढळतो आणि याचंच नाव कोणी घेत नाही.

आमच्याकडे संध्याकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी वहीत नोंद झाली ती अशी: राउटर १ मिलिसेकंद. बाहेर १४०० ते १९००, मध्ये तीन उत्तरं गायब. व्हिडिओ कॉलला एवढा उशीर सोसत नाही. आवाज दीड-दोन सेकंदांनी पोहोचायला लागला की ॲप गोंधळतं, चित्राचा दर्जा खाली आणतं आणि शेवटी जोडणी गेली असं धरून नव्याने जोडायला लागतं. आपण म्हणतो नेट गेलं.

आता हे तुंबणं नीट समजून घ्या, कारण इथेच सगळी गोम आहे. आमचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं. पण हा आकडा घरात येणाऱ्या माहितीचा. घरातून बाहेर जाणारी वाट, म्हणजे अपलोड, आमच्याकडे १० एमबीपीएस. तुमच्या प्लॅनमध्ये दोन्ही सारखे असतील तर उत्तम, पण तपासून घ्या, कारण जाहिरातीत येणारा आकडाच मोठ्या अक्षरात असतो. १० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट. घरातली यंत्रं राउटरपर्यंत याच्या कितीतरी पट वेगाने माल आणून ओततात. पुढची वाट अरुंद, म्हणून डब्यात एक गोदाम असतं, त्याला बफर म्हणतात. माल तिथे रांगेत थांबतो. आमचा उशीर साधारण १.६ सेकंद होता. उलट गणित करा: सव्वा मेगाबाइट गुणिले १.६, म्हणजे सुमारे २ मेगाबाइट माल सतत रांगेत उभा होता. अक्काला "थांब" सांगणारा माझा आवाज म्हणजे काही किलोबाइट. तो त्या रांगेच्या शेपटाला उभा राहिला.

रांग अपलोडची असली तरी डाउनलोडही मंदावतं. कारण आलेल्या मालाची पोच बाहेर पाठवावी लागते आणि ती पोचपावतीही त्याच रांगेत अडकते. पोच मिळाली नाही की पलीकडचा पाठवणारा हात आखडता घेतो. म्हणून सुनेच्या मीटिंगचा आवाज तुटायचा, नातवाचा गेम अडकायचा, आणि प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्यानेच सगळं नेट खाल्लं.

हा आजार आजचा नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचंच बर्कली विद्यापीठ यांच्यातल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून चक्क ४० बिटांवर आला. अंतर किती, तर ४०० यार्ड. चालत जाऊन चिठ्ठी देणं जलद पडलं असतं. व्हॅन जेकबसन यांनी याचा शोध घेतला. पाठवणाऱ्या यंत्रांना गर्दी झाली हे कळतच नव्हतं, ती पुन्हा पुन्हा तोच माल ढकलत होती. १९८८ च्या निबंधात त्यांनी जी युक्ती मांडली तिच्या आधारावर इंटरनेट अजून चालतं: एखादं पाकीट हरवलं की त्याचा अर्थ वाट भरली असा घ्यायचा आणि वेग कमी करायचा.

पुढे मेमरी स्वस्त झाली आणि डबे बनवणाऱ्यांनी गोदामं मोठी केली. हेतू चांगला होता, एकही पाकीट वाया जाऊ नये. झालं उलटं. पाकीट हरवतच नाही, नुसतं थांबून राहतं, म्हणून पाठवणाऱ्याला गर्दीची वर्दी मिळत नाही आणि तो ओतत राहतो. जिम गेटीस या संगणक अभियंत्याने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या कनेक्शनवर हेच पाहिलं आणि या दुखण्याचं बफरब्लोट हे नाव रूढ झालं. २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स आणि तेच जेकबसन यांनी कोडेल नावाचा उपाय दिला. रांग किती लांब आहे हे तो मोजत नाही, पाकीट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजतो. हा वेळ सतत काही मिलिसेकंदांच्या वर राहिला की एखादं पाकीट मुद्दाम टाकून देतो, म्हणजे पाठवणारा शहाणा होतो. त्याचीच पुढची आवृत्ती प्रत्येक जोडणीला वेगळी रांग देते, त्यामुळे मोठ्या मालामागे छोटा आवाज अडकत नाही.

आमच्याकडे सिग्नल सेंटरमध्ये कागदावरच्या निरोपांना अग्रक्रम असायचा: फ्लॅश, ऑप इमिजिएट, प्रायॉरिटी, रुटीन. रुटीनचा कितीही मोठा गठ्ठा पडलेला असो, फ्लॅश आला की तो आधी जायचा. घरच्या स्वस्त राउटरमध्ये सगळं रुटीन असतं. अक्काचा कॉल आणि लग्नाचे फोटो, त्याला दोन्ही सारखेच.

फोटो म्हटलं, कारण गुन्हेगार तेच निघाले. राउटरच्या पानावर कोणतं यंत्र किती पाठवतंय ते दिसतं. तुमच्याकडे दिसत नसेल तर एकेक यंत्र वाय-फायवरून काढा आणि पिंगचा आकडा बघा. एका वेळी एकच, आणि वहीत लिहून. दोन बदल एकदम केलेत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आमच्याकडे गेटवरचे दोन कॅमेरे दिवसभर क्लाउडवर चित्र पाठवत होते, मिळून साधारण ४ एमबीपीएस. उरलेल्या सहात घर चालायचं. पण मुलगा पावणेआठला ऑफिसमधून यायचा, फोन चार्जिंगला लावायचा, आणि वाय-फाय व चार्जर दोन्ही मिळाले की त्याचा फोन दिवसभराचे फोटो आणि साइटवरचे व्हिडिओ वर चढवायला घ्यायचा. बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. "बाबा, मी तर आल्यावर फोनला हातसुद्धा लावत नाही," असं तो शपथेवर सांगत होता, आणि ते खरंच होतं.

उपाय दोन पातळ्यांवर केला. पहिला फुकटचा. फोनमधला बॅकअप संध्याकाळी बंद ठेवून झोपायच्या वेळी सुरू करायचा. कॅमेऱ्यांचा दर्जा एक पायरी खाली, आणि सतत पाठवण्याऐवजी हालचाल दिसली तरच. एवढ्यानेच बाहेरचं उत्तर १५०० वरून २०० च्या आत आलं.

दुसरा राउटरमध्ये. सेटिंगमध्ये क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल असं काहीतरी असतं, चांगल्या राउटरमध्ये एसक्यूएम असतं, त्यात वर सांगितलेला कोडेलचा प्रकार असतो. तिथे अपलोडची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी लावायची. ऐकायला विचित्र वाटतं. आधीच कमी, त्यात आपणच कमी करायचं? कारण असं की रांग नेहमी सगळ्यात अरुंद जागी लागते. ती जागा कंपनीच्या डब्यात असेल तर तिथे आपला काही हुकूम चालत नाही. राउटरलाच थोडं अरुंद केलं की रांग आपल्या अंगणात लागते आणि कोणाला पुढे सोडायचं ते आपण ठरवतो.

इथे मी चूक केली ती सांगतो. सकाळी वेग मोजला, १० आला, मर्यादा ९ लावली आणि निर्धास्त झालो. संध्याकाळी पुन्हा तेच रडगाणं. आठ वाजता मोजलं तर अपलोड ८ वरच आलेलं. पाइप ८ चा आणि चौकीदार ९ वर उभा, म्हणजे त्याचा उपयोग शून्य. मग संध्याकाळच्या वेगाचे ८५ ते ९० टक्के धरून ७ लावलं. त्या दिवसापासून गर्दीतही बाहेरचं उत्तर ६०-७० च्या वर गेलेलं नाही. एक सावधगिरी सांगून ठेवतो, जुन्या किंवा अगदी स्वस्त राउटरमध्ये हे चालू केलं की प्रोसेसरवर ताण येतो आणि डाउनलोडचा वेगही बराच पडू शकतो. आमचा १०० वरून ८० वर आला. मी तो सौदा हसत केला. घरात कोणाला २० एमबीपीएस कमी झाल्याचं अजून कळलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण दहा-बारा दिवसांनी एकदा सगळंच गेलं, अगदी राउटरचं पिंगसुद्धा, आणि दीड मिनिटाने आपोआप आलं. ही लक्षणं वेगळी होती. अशा वेळी राउटरच्या पानावर अपटाइम बघा, म्हणजे यंत्र किती वेळ सलग चालू आहे तो आकडा. माझ्याकडे तो होता चार मिनिटं. म्हणजे राउटर स्वतःहून बंद होऊन पुन्हा चालू झाला होता. वीज गेलेली नव्हती, पंखा फिरत होता. संशय अडॅप्टरवर. राउटर निवांत असताना कमी वीज खातो, दोन्ही रेडिओ जोरात चालले की जास्त. अडॅप्टर चार-पाच वर्षं जुना झाला, आतले कपॅसिटर थकले, की नेमक्या त्या ओढीला व्होल्टेज खाली बसतं आणि राउटर डोळे मिटतो. त्यात आमचा राउटर टीव्हीच्या बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर. हात लावला तर चटका बसेल असा.

नवा अडॅप्टर घेताना व्होल्टेज अगदी तेवढंच हवं, १२ असेल तर १२. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नको. पिनचा आकार आणि धन-ऋण बाजूही जुळली पाहिजे, ती खूण अडॅप्टरवर छापलेली असते. काही शे रुपयांचं काम. राउटर कपाटातून बाहेर काढून भिंतीवर उंच लावला. घरातल्यांनी शोभा जाते म्हणून कुरकुर केली, चार दिवसांत विसरले.

बाकीच्या दोषांबद्दल थोडक्यात. हवेतला दोष असेल तर २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा, कारण एकमेकांवर न चढणारे तिथे तेवढेच तीन आहेत. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर महत्त्वाची यंत्रं ५ गिगाहर्ट्झवर न्या. ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ दरम्यानच्या चॅनेलवर बहुतेक राउटर रडारची चाहूल घेत असतात आणि चाहूल लागली की चॅनेल सोडतात, तेव्हा सगळ्यांचं एकदम तुटतं. विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी ३६ ते ४८ मधला चॅनेल ठेवून बघावा. चालू असलेला व्हिडिओ चालतोय, पण नवं पान उघडत नाही, असं दिसलं तर राउटरची जोडण्यांची यादी भरलेली असू शकते. टोरंटसारखी ॲप शेकडो जोडण्या उघडतात, त्यांना तिथेच मर्यादा घाला. आणि घरात दोन राउटर असतील, एक कंपनीचा आणि एक तुमचा, तर पत्ते वाटण्याचं काम त्यातल्या एकानेच करावं.

कंपनीकडे तक्रार करायची झाली तर 'नेट स्लो आहे' म्हणू नका. तारीख, वेळ, राउटरचं पिंग, बाहेरचं पिंग, केबलवर की वाय-फायवर, एवढं लिहून पाठवा. आमच्याकडे आलेला तरुण तंत्रज्ञ वही बघून म्हणाला, "सर, असं कोणी देत नाही." त्याने भिंतीवरच्या डब्यातला सैल कनेक्टर बदलला. त्याने किती फरक पडला कोण जाणे, त्या दिवशी मी मोजलं नव्हतं.

आता अक्काकडचा बंदोबस्त. राउटर कितीही नीट केला तरी एकाच लाइनवर विसंबायचं नाही, ही सवय जुनी आहे. माझ्या फोनवर आठ वाजता मोबाइल डेटा चालू असतो, वाय-फाय गेलं तर कॉल तिकडे वळतो. बेळगावला वरच्या वहिनींना आकडा वाचायला शिकवला आहे. आणि अक्काशी ठरलं आहे की माझा "घे" हा शब्द कानावर पडल्याशिवाय सुई टोचायची नाही. आवाज गेला तर पेन शून्यावर फिरवून टेबलावर ठेवायचं, जेवायलाही बसायचं नाही, फोनची वाट बघायची. पहिल्या आठवड्यात ती वैतागली. "अरे, तू काय मला परेड शिकवतोस?" म्हणाली.

काल आठ वाजता कॉल लागला तेव्हा मुलाचा फोन चार्जिंगला होता, नातू गेम खेळत होता, सून मीटिंगमध्ये होती. बाजूच्या लॅपटॉपवर पिंग चालू होतं, ६२ दाखवत होतं. अक्काने पेन समोर धरलं. मी बारा वाचले आणि "घे" म्हणालो.